चि. मुक्तास

वाई,
मंगळवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता निघालीस. आईनं बांधलेल्या दशम्या ओट्यावरच राहिल्या. पोचल्यावर फोनवर नुसता अंगठा पाठवलास, त्यावरून पोचलीस एवढं कळलं.

नोकरीचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय. तुझ्या कथांबद्दल लिहायचंय. भांडताना मी त्यांना "खोट्यानाट्या गोष्टी" म्हणालो. निदान माझ्या तोंडी तो शब्द यायला नको होता. तू दार लावून घेतलंस ते बरोबरच केलंस.

तुझा कागदांचा गठ्ठा टीव्हीखालच्या खणात राहिलाय. न विचारता वाचला. सगळ्या अकरा कथा वाचल्या, पण धोम धरणाच्या कथेपाशी अडकलो.

तू लिहिलंयस की धरण झालंच नाही. वाडी तशीच आहे, आजी अंगण झाडतेय, खालचं रान नांगरलेलं आहे. वाचताना मला त्या अंगणातल्या शेणाचा वास आला गं. दगडी उंबऱ्याचा डावा कोपरा फुटका होता, हे तुला कुणी सांगितलं? नानांनी सांगितलं असणार. तो मीच फोडला होता, पहारीनं. पाणी चढलं तेव्हा आजी त्या उंबऱ्यावरून उठत नव्हती. नाना आणि मी दोघांनी मिळून तिला उचललं. ते राहू दे.

पुढे तू हिशोब बरोबर मांडलास. धरण नाही म्हणजे आम्ही उठलो नाही. उठलो नाही म्हणजे मी वाईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आलो नाही. आलो नाही म्हणजे गंगापुरीतल्या त्या खोलीवर तुझी आई भेटली नाही. आणि शेवटच्या पानावर आजी हाका मारते, तर त्या घरात मुक्ता नावाचं कुणी नसतंच.

रात्री दोन वाजता मी उठून तुझ्या खोलीत गेलो. दिवा लावला. पलंगावर तुझी ओढणी होती. ती घडी करून ठेवली आणि परत येऊन बसलो.

राजीनामा दिलास का? बघ, विचारलंच.

जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आपल्याकडे कशी आली ते तुला माहीत आहे, पण मला ती का चिकटली हे कधी सांगितलं नाही. तेव्हा मी दिवसभर उलटी अक्षरं वाचायचो. केसमधून खिळा उचल, स्टिकमध्ये बसव, गॅलीवर उतरव. अक्षर सुलट दिसतं ते कागदावर उठल्यावर. आणि त्या पुस्तकात एक गणपती, डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो! अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली ती मोबियसची पट्टी, तिच्यावरून फिरून आलं की डाव्याचं उजवं होतं. मला ते कुणी समजावून द्यावं लागलं नाही, माझे हात रोज तेच करत होते. छापखान्यात काम करणाऱ्या पोराला वाटलं, हा एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्याच कामाबद्दल बोलतोय. पुढे कळलं की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज.वि.ना. उलटे केले, ना.वि.ज. झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी कथा उतरवून काढली. पहिलं बक्षीस मिळालं.

आणि मुक्ता, तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला होते. नोकरी करून लिहिलं त्यांनी. रात्री लिहिता येतं, सुट्टीत लिहिता येतं. घरभाडं थांबत नाही, गॅस थांबत नाही, आणि मराठी कथासंग्रहावर घर चालल्याचं मी छापखान्यातल्या इतक्या वर्षांत पाहिलं नाही. अकरा कथा तू नोकरीत असतानाच लिहिल्यास ना? मग बारावीला काय अडचण आहे?

पुन्हा तेच झालं. माफ कर. हे खोडणार नाही, खोडलं तरी तुला खालचं वाचता येईल.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा तू मला फोन केलास. बोलली काहीच नाहीस, नुसती रडत होतीस. तुला सहावीत 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून दाखवलं होतं ते मला त्या दिवशी आठवलं. लाईट गेले होते, मेणबत्ती होती. विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि १४ जानेवारी १७६१ चा सगळा निकाल फिरतो, यावर तू टाळ्या पिटल्यास. मी मात्र दुसरीकडेच थांबलो होतो. ते इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या मुंबईत मुलाच्या ऑफिसात जातात, त्याचं नाव सांगतात, बाई यादी बघते आणि म्हणते, या नावाचं कुणी नाही. मराठे जिंकलेत, पण पोरगा कुठे आहे? तू विचारलंस, "बाबा, थांबलात का?" मी म्हणालो, मेणबत्ती फडफडतेय.

मेणबत्ती फडफडत नव्हती.

तू राजीनाम्याचं म्हणालीस तेव्हा पैशाआधी मला ती बाईच दिसली. मी हिंजवडीला येईन, काचेच्या दाराशी तुझं नाव सांगेन, आणि ती यादीत बघून मान हलवेल. हे तुला त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून खोटंनाटं म्हणालो.

कथा चांगली आहे. चांगली म्हणजे, मी इतकी वर्षं दिवाळी अंकांची प्रुफं पाहिलीत, कुठलं लिखाण जिवंत आहे ते मला कळतं. फक्त चौथ्या पानावर "आठवण"च्या जागी दोनदा "आठवन" झालंय, आणि बैलाला जू असतं, जोखड नव्हे, आपल्या वाडीत जूच म्हणायचे. नानांना दाखवू का? ते रडतील. पण दाखवावी असं वाटतं.

शेवटच्या पानावर आजीच्या हाकेला कुणीतरी ओ द्यावी, असं मला वाटतं. लिहिणारी तू आहेस. बदलू नकोस माझ्यासाठी.

आईनं शेंगदाण्याची चटणी कुटलीय. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतोय, स्वारगेटहून पुढची बस मी बघेन. ऑफिसात येत नाही, खोलीवरच येतो. गठ्ठा आणतोय. खाली वॉचमनला तुझं नाव सांगून ठेव, मी विचारलं की त्याला माहीत असू दे.

तुझे,
बाबा