पिंकी, कॅथी आणि तीन हजार रुपये

सुमे,

दिवाळीपासून माझा फोन नाही, तर आधी हव्या तेवढ्या शिव्या घालून घे. बीपी आहे तसंच आहे, गोळी चालू आहे. झालं.

काल रात्री एक जुनं इंग्लिश टीव्ही-नाटक पाहिलं, 'कॅथी कम होम'. १९६६ चं, बीबीसीचं, केन लोचने केलेलं. नाटक म्हणायचं, पण खऱ्या रस्त्यांवर असं घेतलंय की बातम्या बघतोय असं वाटावं, मधूनमधून घरांच्या टंचाईचे आकडेही कानावर पडतात. पोरगी लिफ्ट मागत लंडनला येते, ट्रकमध्ये बसलेली, खूश. लग्न होतं, चांगला फ्लॅट मिळतो. मग नवऱ्याला अपघात, नोकरी जाते, पोरं होतात आणि घर खाली खाली घसरत जातं. सासूकडची गर्दी, कॅरॅव्हॅन, पडकी इमारत आणि सरतेशेवटी असं वसतिगृह की बायकापोरं आत, नवरा बाहेर. शेवट सांगत नाही. 'वंदे, तुला हसरं काही बघताच येत नाही' हे तुझं ठरलेलं. भारतमाताला मध्यंतरातच मला दंडाला धरून बाहेर काढलं होतंस, ते अजून विसरले नाहीये मी.

तर माझ्या डोक्यातून कॅथी नाही, ते टेबलामागचे लोक जात नाहीयेत. यादी आहे, थांबा, बघू. ते ऐकलं आणि म्हटलं, अगं, हा तर माझाच आवाज!

आमची पिंकी. देवरूखला राहून काय करणार, मुंबईला ये, असं मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. ठाण्याच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, कळव्याला चौघीजणी एका खोलीत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, एक तारखेपर्यंत खोली सोडा म्हणाले. डिपॉझिट अडकलंय. परवा विचारत होती, "मावशी, पंधरा दिवस येऊ?" मी म्हटलं, "बघते गं, ह्यांना विचारते, समीरची परीक्षा आहे ना." आणि तीन हजार जीपे केले.

ह्यांना विचारलंच नाहीये अजून.

कॅथीचं काम करणाऱ्या कॅरल व्हाइटच्या हातात म्हणे लोक रस्त्यात पैसे कोंबायचे, इतकं त्यांना ते खरं वाटलं होतं. घरी चल असं कोणी म्हणाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. बरं, ती तर नटी होती!

एक बीएचके आहे, मान्य. समीर हॉलमध्ये लाइट लावून बसतो, ह्यांचं घोरणं तुला माहीतच आहे. पण तुमची खोली केवढी होती गं? दहा बाय बारा? गिरणीसंपाचं दुसरं वर्ष, मालकाने पोटभाडेकरू म्हणून आम्हाला काढलं, तेव्हा तुम्ही पाच जण आणि आम्ही चौघं. तू पोटमाळ्यावर मला लाथा मारायचीस. कबूल करत नाहीस, पण मारायचीस.

तुझा गुडघा कसा आहे? जावई दुबईहून आला का? नातीला पापा.

एक सांग. त्या दिवशी जिन्यात आमची आई पिठाचा डबा घेऊन नुसतीच उभी होती, तेव्हा तुझी आई तिला नेमकं काय म्हणाली होती? मला डबा आठवतोय, शब्द आठवत नाहीत. कळव लवकर, एक तारीख सोमवारी आहे.

तुझी,
वंदी