टायर दोन नव्हे, पाच. आणि तारीख बघूनच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत टायरच्या दुकानांपुढे गाड्या खोळंबू लागतात. त्यांत पंधरा वर्षे उलटलेल्या, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या, गाड्याही असतात. जिप्सी, जुनी थार, पजेरो, बोलेरोचे फोर व्हील ड्राइव्ह मॉडेल. या गाड्यांना टायर घेताना मालक आणि दुकानदार दोघेही साध्या मोटारीचाच हिशेब लावतात. ‘दोन गुळगुळीत झालेत, तेवढे बदला’ हा सल्ला छोट्या मोटारीला चालून जातो. फोर बाय फोरमध्ये त्याचे बिल ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, नावाने येते.

बहुतेक जुन्या गाड्यांत लिव्हर ‘फोर एच’वर (चारही चाकांना ताकद) टाकला की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांशी थेट जखडले जातात. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतो. पुढची आणि मागची चाके सारख्या फेऱ्यांत सारखेच अंतर कापतील, हे गृहीत धरूनच ती रचना केलेली असते. आता २३५/७५ आर १५ या मापाचा टायर घ्या. नवा असताना त्याचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर आणि घेर सुमारे २,३०४ मिलिमीटर. नक्षी ६ मिलिमीटर झिजली की व्यास १२ ने कमी होतो, घेर जवळजवळ ३८ ने. कागदावरच्या हिशेबाने नवा टायर किलोमीटरला ४३४ फेरे घेईल आणि झिजलेला ४४१. हे सात फेरे चिखलात चाक घसरून निघून जातात. काँक्रीटवर त्यांना वाट नसते, म्हणून ते शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये पिळासारखे साठतात. स्टीअरिंग जड होते, गाडी ब्रेक अर्धवट लागल्यासारखी अडते, लिव्हर ‘टू एच’वर (दोनच चाकांना ताकद) परत येत नाही. अशा वेळी लिव्हरशी झटापट करू नये. स्टीअरिंग सरळ ठेवून गाडी काही मीटर मागे घ्यावी, पीळ सुटतो. ज्या गाड्यांत चारही चाकांना कायम ताकद जाते आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवाच्या आधारे गतीतला फरक सांभाळणारा जोड) असते, तिथे लिव्हर अडत नाही, पण कपलिंग सतत राबते आणि तापून निकामी होते. म्हणजे नुकसान गुपचूप होते.

म्हणून एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे पाच टायर घ्यावेत. पाचवा स्टेपनीसाठी, आणि तो नुसता टांगून ठेवायचा नाही; दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यालाही फिरतीत घ्यायचे. तसे केले नाही तर तीन वर्षांनी एक टायर फाटला की कोरी स्टेपनी तीन झिजलेल्या टायरच्या जोडीला येते आणि वरचे गणित पुन्हा उभे राहते. पैशांची अडचण असेल तर निदान दोन घ्या, दोन्ही मागच्या आसावर लावा, आणि बाकीचे बदलेपर्यंत डांबरावर किंवा काँक्रीटवर ‘फोर एच’ला हात लावू नका.

मापाबाबतचा मोह मोठा असतो. २१५/७५ आर १५ च्या गाडीला २३५/७५ बसतो, गाडी उंच आणि भारदस्त दिसते. पण व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटरवर जातो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. मीटरवर ८० दिसताना गाडी ८३ च्या वर धावते. ओडोमीटर कमी मोजतो, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखे वाटते. मूळचेच बेताचे इंजिन चढावर आणखी दमते, क्लचवर भार येतो, ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, आणि पूर्ण वळणात टायर मडफ्लॅपला किंवा स्प्रिंगला घासतो. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. त्याहून चांगले म्हणजे दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलेच माप घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. उलट मोह मोठ्या अलॉय रिमचा. सतरा-अठरा इंची रिमवर टायरची भिंत, म्हणजे बाजूचा भाग, बुटकी होते आणि पेव्हर ब्लॉक उखडलेल्या खड्ड्याच्या धारेवर ती चिमटली की आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही.

जुन्या आयात गाड्यांची अडचण निराळी आहे. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली गेली. काही चमत्कारिक मापे त्यामुळे सहज मिळत नाहीत आणि मग ‘जवळचे माप’ पुढे केले जाते. तिथे मापाआधी भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघा. मापानंतर जे ‘१०५ एस’ असे लिहिलेले असते, त्यातला १०५ म्हणजे प्रत्येक टायरला ९२५ किलो. १०० म्हणजे ८००, ९५ म्हणजे ६९०. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादाच १०० ची असल्याने या गाड्यांना एस पुरून उरतो, पण भारांक मूळच्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. सात माणसे, छतावर सामान आणि घाटाचा उतार, यांत भिंत तापते ती भारामुळे.

आणि तारीख! टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. ते आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच दोन्ही बाजू फिरवून बघावेत. चढल्यावर ते आत गेले तर गाडीखाली आडवे व्हावे लागते. रबर न वापरताही म्हातारे होते. समुद्राकाठच्या सोसायटीत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला भरपूर नक्षी शिल्लक असते, पण भिंत दाबून वाकवली की केसासारख्या भेगा उघडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर बाद. गाडीखाली टांगलेली मूळची स्टेपनीही याच नियमात आली.

नक्षी कुठली? मुंबईत राहणाऱ्या गाडीसाठी एचटी, म्हणजे रस्त्याची नक्षी, हेच बहुतेकांना योग्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. महिन्यातून एकदा तरी कच्च्या वाटेने जाणे होत असेल तर एटी, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींची नक्षी. एमटी, म्हणजे चिखलाच्या नक्षीचे, मोठे ठोकळे चिखलासाठी असतात. ओल्या काँक्रीटवर रबराचा कमी भाग टेकतो, बारीक चिरा नसतात, ब्रेकचे अंतर वाढते. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते तेव्हा हे सर्वांत जाणवते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर चालते, खाचेतल्या उंचवट्यापर्यंत. पावसात मात्र ३ मिलिमीटरला टायर बदलावा, कारण उथळ खाच पाणी बाहेर फेकू शकत नाही.

नवे टायर चढवण्याआधी जुने टायर वाचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मध्य झिजला असेल तर जास्त. नक्षीवरून तळवा आडवा फिरवा: एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखे लागले, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडलेला आहे. ठिकठिकाणी वाट्या पडल्या असतील तर शॉक ॲब्सॉर्बर संपलेत. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर दोष बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉड एंड. हे आधी दुरुस्त झाले नाही तर पाच नव्या टायरचे पैसे काही हजार किलोमीटरमध्ये रस्त्यावर घासले जातात, आणि नुसत्या अलाइनमेंटने काही साधत नाही.

जुन्या लोखंडी रिमची कड खाऱ्या हवेने गंजलेली असते. बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी आतली कड, बसते ती जागा तारेच्या ब्रशने साफ करून, रंग देऊन मगच टायर चढवावा. नाहीतर हवा हळूहळू जाते आणि दोष टायरला लागतो. रिमला बीड अडवणारा उंचवटा नसेल तर ट्यूबलेस लावू नये. ट्यूबवाल्या टायरमध्ये जुनी ट्यूब परत टाकू नये, ती ताणून पसरलेली असते, घडी पडते आणि तिथेच फाटते. व्हॉल्व्ह नवे घ्यावेत.

हवा स्टिकरवर लिहिलेली, सकाळी टायर थंड असताना भरावी. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायच्या हवेचा नव्हे. ही चूक पंपावर रोज होते.

दुकानदार मंडळींना एकच विनंती. बिलावर पाचही टायरचे माप, भारांक आणि ते चार आकडे लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही ते मागून घ्यावेत. आणि गाडी घेऊन गेल्यावर पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत; नवा रंग दिलेल्या रिमवर ते सैल पडतात.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई