बी-विंगच्या पार्किंगमधील उघड्या पडलेल्या सळया (पत्र तिसरे)

मा. अध्यक्ष यांस,
स.न.वि.वि.

आधीची दोन पत्रे मिळालीच नाहीत, असे सचिव म्हणतात. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, म्हणून तो विषय वाढवत नाही.

माझ्या गाडीवरच्या स्लॅबच्या सळया दिवाळीपासून उघड्या आहेत. वर 103 ची धुण्याची बाल्कनी. त्यांचे मशीन लागले की खाली ठिबक सुरू. पाणी बोअरचे, खारे. काँक्रीटच्या अंगच्या क्षारतेमुळे सळईवर जे संरक्षण असते, ते खाऱ्या पाण्यातले क्लोराइड मोडते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. "जुने प्लास्टर आहे, पडणारच" असे आपण सभेत म्हणालात. प्लास्टर नाही साहेब, स्लॅब पडतोय.

समितीने काय केले, तर पेंटर पाठवला. त्याने ओल्या, गंजक्या सळईवर रेड ऑक्साइड फासले, वर वाळू-सिमेंट थापले. दोन महिन्यांत ते माझ्या बॉनेटवर. मी बांधकाम खात्यात 31 वर्षे काढली आहेत. सळईमागचेही काँक्रीट खोदून ती चहूबाजूंनी मोकळी करायची, लोखंड चमकेपर्यंत घासायची, मग झिंकचा इपॉक्सी प्रायमर, बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर. तेही वरची गळती थांबवल्यावरच, नाहीतर पैसे पाण्यात.

103 च्या वहिनींशी माझे वैर नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते तेव्हाही त्यांची टाकी ओसंडत होती, हे सगळ्या विंगला आठवते. कुंड्यांचा विषय तर मी काढतच नाही.

उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. आपली 2004 ची. एकदाही झालेले नाही. 1993 ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या जिल्ह्यात हे मी सांगायचे? (माझा चार महिन्यांचा मेंटेनन्स फलकावर लावला आहे. तो थकलेला नाही, निषेध म्हणून थांबवला आहे.)

104 चे काका आणि 201, 204 यांचेही हेच मत आहे. सही करायला कचरतात, इतकेच.

मागणी एकच. दुरुस्ती होईपर्यंत आपल्या दोघांच्या पार्किंगची अदलाबदल करावी. आपली गाडी पत्र्याच्या शेडखाली असते, ती माझ्या जागी लावा.

कळावे,
फ्लॅट क्र. 202, बी-विंग