फोटोतले वडील कापू नका

संपादक महोदय,

जुन्या सिनेनटांचे त्यांच्या मोटारींसोबतचे फोटो हल्ली मोबाइलवर सतत फिरत असतात. मला ते फार आवडतात. पण खाली ना साल, ना गाडीचे नाव. आणि कडेला उभा असलेला ड्रायव्हर किंवा मेकॅनिक हमखास कापलेला.

नौपाड्यातल्या आमच्या घरी असाच एक फोटो आहे. नक्षीदार कातरलेली पांढरी किनार, मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का. काळ्या फियाटच्या बॉनेटवर हात टेकून हसणारे एक नट आणि शेजारी हातात पुसायचा बोळा धरून माझे वडील. ते कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात होते. गेल्या वर्षी एका अंकासाठी तो मागून नेला आणि छापताना वडिलांनाच कापले! आई दिवसभर गप्प होती.

हॉलिवूडचे नट गॅरी कूपर यांची १९३५ची ड्युसेनबर्ग मोटार २०१८मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. कुणाची, कुठली, याचे कागद राहिले म्हणून हे घडले. आपल्या भगवानदादांकडे वारागणिक एक, अशा सात गाड्या होत्या असे सांगतात. त्यांतल्या एखादीचा फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल तर?

१८९३ पासून पुस्तके जपणाऱ्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने असे घरगुती फोटो स्कॅन करून ठेवावेत, ही विनंती. मागची बाजूही घ्यावी, नाव-तारीख बहुधा तिथेच असते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे