मुलांच्या सेफ्टी रिकिबी पाय सोडत नाहीत

प्रति,
गुणवत्ता विभाग व ग्राहक सेवा विभाग

विषय: लहान मुलांसाठीच्या सेफ्टी रिकिबींची दांडी न उघडल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या कंपनीच्या मुलांसाठीच्या, घोड्यावर बसताना पाय ठेवायच्या सेफ्टी रिकिबींच्या दोन जोड्या आम्ही घेतल्या. एक मुलीच्या खोगिराला लावली, दुसरी जादा म्हणून खोक्यातच ठेवली. या रिकिबीची बाहेरची दांडी बिजागरीवर बसवलेली आहे. स्वार पडला की पायाच्या दाबाने ती उघडते आणि पाय मोकळा होतो, असे तुम्ही खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. माझी मुलगी पडली तेव्हा दांडी उघडली नाही.

रिंगणात दुडक्या चालीवर असताना घोडी वळणावर बुजली आणि मुलगी उजवीकडे कलंडली. पाय रिकिबीत पुढे सरकून घोट्याशी अडकला. डोके खाली, घोडीच्या मागच्या खुरांजवळ, अशी ती लटकत होती. प्रशिक्षक धावत गेले आणि त्यांनी लगाम धरला. घोडी वयस्क आणि शांत, म्हणून जागीच उभी राहिली. तरीही पाय निघेना. अखेर बुटाची चेन उघडून पाय बाहेर ओढावा लागला, बूट रिकिबीतच राहिला. हाड मोडले नाही, घोटा सुजण्यावर निभावले.

घोडा उधळला असता तर काय झाले असते हे तुम्हाला सांगायला नको, तुमचा धंदाच हा आहे. अंगाखाली काहीतरी लोंबकळते आहे, आपटते आहे, एवढेच घोड्याला कळते. त्यापासून सुटायला तो पळतो, लाथा झाडतो, आणि जितका पळतो तितके ते जास्त आपटते. नुसते पडणे आणि फरफटत जाणे यांत फार मोठे अंतर आहे. हेल्मेट एका आघाताच्या वेळी डोके वाचवते, अडकलेला पाय ते सोडवू शकत नाही. ते काम रिकिबीचे.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर तीन कारणे सांगितली: रिकिबी उलट्या लावल्या असतील, बूट चुकीचे असतील, बिजागरीत वाळू गेली असेल. रिकिबी उलट्या नव्हत्या, उघडणारी दांडी दोन्हीकडे बाहेरच होती. घटनेनंतर लगेच काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. (डावी-उजवी ओळखायला रिकिबीवर एकही खूण नाही, ही मात्र तुमचीच त्रुटी.) बूट घोडेस्वारीचेच होते, सपाट तळाचे आणि टाच असलेले. बुटाचा सर्वांत रुंद भाग 8 सेंटीमीटर आणि रिकिबीची आतली रुंदी 10, म्हणजे दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर मोकळी जागा होती. याहून अरुंद रिकीब पाय आवळते आणि फार रुंद असेल तर सबंध पाऊल आरपार जाते, हे आम्हालाही ठाऊक आहे. खोगिराच्या ज्या धातूच्या पट्टीवर रिकिबीची वादी, म्हणजे चामडी पट्टा, अडकवतात, तिचा खटकाही उघडाच होता. पण वादी मागे खेचली गेली तरच त्या पट्टीवरून निसटते. इथे घोडी उभी होती आणि ओढ सरळ खाली होती.

राहिली वाळू. त्यासाठी मी खोक्यातली कोरी जोडी काढली, वादीला टांगली, आत मुलीचा बूट घातला आणि सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने दांडी बाहेर ओढून पाहिली. डावी 9 किलोच्या आसपास उघडली. उजवी 15 किलोवरही जागची हलली नाही. भिंगातून पाहिले तेव्हा कारण स्पष्ट दिसले: काळ्या रंगाचा जाड थर बिजागरीच्या फटीत उतरून सुकला आहे आणि त्याने दांडी चक्क चिकटवून टाकली आहे. खोगिराला लावलेल्या जोडीच्या उजव्या दांडीवरही तोच थर आहे. हा दोष कारखान्यातून आलेला आहे. माल बाहेर पडण्यापूर्वी कोणी प्रत्येक दांडी एकदा हाताने उघडून पाहिली असती तर तो तिथेच सापडला असता.

मला याहून गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे. दांडी किती जोराला उघडते हे खोक्यावर नाही, माहितीपत्रकात नाही, तुमच्या प्रतिनिधीलाही सांगता आले नाही. माझ्या मुलीचे वजन 28 किलो आहे. दांडी बंद धरणारी स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाने सहज उघडत असली, तरी एवढ्याशा मुलीच्या ओढीने उघडेलच असे नाही. मुलांसाठी म्हणून तुम्ही फक्त रिकिबीचा आकार लहान केला आहे की स्प्रिंगही हलकी केली आहे, याचे उत्तर मला हवे आहे. आणि खोक्यावरच्या चित्रातल्या मुलाच्या पायात खोल खाचांचे, बिनटाचेचे खेळाचे बूट आहेत. असे बूट घालून रिकिबीत पाय ठेवू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मुलांसाठी वस्तू विकणाऱ्या कंपनीने ते चित्र छापावे याचा मला संताप आला.

माझ्या मागण्या अशा आहेत. या मालाची विक्री तत्काळ थांबवा आणि ज्यांनी तो घेतला आहे त्या सर्वांना कळवा, कारण त्यांची मुले आजही त्यात पाय घालून बसत आहेत. दांडी उघडायला लागणारा जोर आणि स्वाराचे किमान वजन खोक्यावर छापा. डावी-उजवीची खूण करा, ते चित्र बदला. दोन्ही जोड्यांचे पैसे परत हवेत, पण ते सगळ्यात शेवटी आले तरी चालेल.

आम्ही सध्या बाहेरच्या बाजूला दांडीऐवजी रबराचे कडे असलेल्या रिकिबी वापरतो. ते रबर विरते, वेळोवेळी बदलावे लागते, पण ते विरले आहे हे डोळ्यांना दिसते तरी. तुमची दांडी बंद आहे हे पडल्यावरच कळले.

बिलाची प्रत, फोटो आणि काट्यावर केलेल्या चाचणीचे चित्रीकरण सोबत पाठवत आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे जाईन. दोन्ही जोड्या बदलून देण्यासाठी परत मागू नका, त्या मी पाठवणार नाही. तपासायच्या असतील तर तुमचा तंत्रज्ञ पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा ओढून दाखवते.

आपली,
एक ग्राहक आणि आई