सुट्टीत सोन्याला उचलून घेऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

मे महिन्यात सोन्या वाईला तुमच्याकडे येतोय. त्याआधी त्याच्या पायांची जी तपासणी झाली तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. फोनवर हे नीट सांगता येत नाही, कारण मध्येच त्याला आजोबांशी बोलायचं असतं.

बाबा, तुम्ही त्याची पोटरी दाबून नेहमी म्हणता, "काय दगडासारखा पाय आहे पोराचा!" पोलिओ झालेली मुलं तुम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांचे पाय लुळे आणि बारीक असत, म्हणून सोन्याचे ताठ पाय तुम्हाला भक्कम वाटणं साहजिक आहे. पण हा ताठपणा त्याच्या हुकमातला नाही. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ सालीच अवघड बाळंतपण आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा या ताठ पायांशी संबंध दाखवून दिला होता. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. इजा मेंदूतली, पायातली नाही. स्नायूला 'आवळ' म्हणून जाणारा निरोप पुरता पोचत नाही आणि 'सैल सोड' हा निरोपही पोचत नाही. त्यामुळे तोच स्नायू ताठही असतो आणि दुबळाही. मला स्वतःला ही गोष्ट पचायला वेळ लागला, म्हणून आधी हीच सांगतेय.

पूर्वी ताकद हातानेच बघायचे. फिजिओ पाय दाबून धरणार, मूल जोर लावणार, आणि शून्य ते पाच गुण मिळणार. पण त्यात 'चार'मध्ये इतकं काही मावतं की सहा महिन्यांत मूल सुधारलं की नाही ते कळत नाही. आता मुठीत मावेल असं एक यंत्र असतं, डायनॅमोमीटर. सोन्याला टेबलाच्या कडेला बसवलं, मांडी पट्ट्याने बांधली, यंत्र घोट्याच्या जरा वर नडगीवर टेकवलं आणि फिजिओ बाई म्हणाल्या, "ढकल, ढकल, ढकल, अजून!" कान लाल होईपर्यंत त्याने ढकललं. मग गुडघ्यापासून यंत्रापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. तोच जोर लांब पायाला आणि आखूड पायाला सारखा धरता येत नाही, म्हणून जोराला अंतराने गुणायचं आणि त्याच्या वजनाने भागायचं. असं केलं तरच पुढच्या वर्षी उंची-वजन वाढल्यावर आजच्या आकड्याशी तुलना होते. उजव्यापेक्षा डावा पाय कमी निघाला, आणि दोन्ही पायांत सगळ्यात कमजोर निघाला तो घोटा. घोटा हलवणारी तीच दगडासारखी पोटरी, बाबा.

नंतर त्वचा स्पिरिटने पुसून मांडीला नि पोटरीला चिकटपट्ट्या लावल्या. त्याला ईएमजी म्हणतात. सुई नाही, वीज सोडत नाहीत. स्नायू काम करताना जी बारीकशी वीज आपोआप निर्माण होते तेवढी टिपतात. पाऊल वर उचल म्हटलं की पुढचा स्नायू जागा व्हायला हवा आणि पोटरी गप्प बसायला हवी. पडद्यावर दोन्ही रेघा एकदमच उसळल्या. पाऊल जागचं हललं नाही. पण बाईंनी त्याला गुडघा पोटाकडे ओढायला सांगितला, त्यांनी हाताने विरोध केला, आणि पाऊल आपसूक वर आलं! म्हणजे स्नायू मेलेला नाही. त्याला एकट्याला हाक मारता येत नाही, सगळा पाय मिळूनच जागा होतो.

आई, तू विचारलं होतंस, व्यायामाने पाय आणखी ताठ नाही ना होणार? ही भीती मोठमोठ्या तज्ज्ञांनाही होती. लंडनच्या बोबाथ दांपत्याच्या विचारातून जगभरचे फिजिओ अशा मुलांना जोर लावायला देत नसत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत डायन डॅमियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांकडून वजनाचे व्यायाम करून घेतले आणि मोजलं. ताकद वाढली. ताठपणा वाढतो ही भीती नंतरच्या अभ्यासांतही खरी ठरली नाही.

मात्र सगळं गोड गोड सांगत नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये ५१ मुलांवर अभ्यास झाला. १२ आठवड्यांच्या व्यायामाने ताकद वाढली, पण चालणं-फिरणं तेवढ्याने सुधारलं नाही. म्हणून मला वाटतं, नुसता यंत्रावरचा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही. मूल दिवसभरात त्या पायांचं करतं काय, हे बघायला हवं. सोन्याच्या घोट्याला पट्टा दिसेल तो यासाठीच. त्यात पावलं मोजली जातात. आंघोळीला काढा, लगेच परत बांधा. त्याने किती चालावं म्हणून त्याच्या मागे लागू नका, नेहमीसारखा वागू दे.

आता मुख्य विनंती. सोन्या कठडा धरून जिना चढू शकतो. वेळ लागतो, धाप लागते, दोन्ही पाय एका पायरीवर टेकतो, पण चढतो. तुम्ही मायेने उचलून वर नेता तेव्हा त्याच्या मांड्यांचा दिवसभरातला सगळ्यात चांगला व्यायाम आपण काढून घेतो. शिवाय बाबा, तुमच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. मागे एक पायरी खाली उभे राहा, हात लावू नका.

आई, तेल लावत जा, त्याला फार आवडतं आणि रात्री झोप शांत लागते. फक्त तेलाने ताकद येईल असं कुणी सांगितलं तर सोडून दे. त्याऐवजी एक दिवसाआड, तू भाजी निवडायला बसलीस की त्याला समोर बुटक्या स्टुलावर बसव आणि हात न टेकता उठ-बस करायला लाव. आठ-दहा वेळा झालं की थोडं थांबायचं, मग पुन्हा. सोपं जायला लागलं की पाठीवर दप्तरात एखादं पुस्तक टाकायचं. पाय दुखतोय म्हणाला तर त्या दिवशी बंद.

बाबा, माडीच्या जिन्याला डावीकडे कठडा नाही. सुताराला बोलावून त्याच्या छातीच्या जरा खाली येईल अशी दांडी बसवून घ्या, भिंतीत पक्की. पैसे मी पाठवते. आणि वळणावरचा बल्ब गेलाय तो बदला.

तुमची,
थोरली