साउंडवाल्या दादांना अनावृत पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. कार्यक्रमाच्या जाहिरातीत कवी-गायकाचं नाव होतं, गिटार, तबला आणि कीबोर्डवाल्यांची होती, निवेदिकेचं होतं, प्रायोजकांची तर रांगच होती. तुमचं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही आणि तुमच्याकडची पोरं केबल गुंडाळून पेट्या टेम्पोत चढवत होतात आणि नाट्यगृहाच्या माणसांना कुलूप लावायची घाई होती. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. साउंडचं काम करणारी माणसं एकमेकांना ओळखून असतात, तेव्हा कुणीतरी हे तुमच्यापर्यंत पोचवेलच.

ओळख पटावी म्हणून सांगते. मध्यंतर झालं होतं, सगळे वड्याच्या रांगेत होते आणि मी पर्स खांद्याला लावून घरी निघाले होते. तुम्ही चहाचा कप घेऊन आत चालला होतात. मला थांबवून म्हणालात, "ताई, पहिल्या गाण्यापासून बघतोय, कानाला हात लावून बसलाय. आवाज कमी येतोय, की शब्द कळत नाहीयेत?"

तोवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. कान तपासायच्या बंद खोलीत मला बारीक-मोठ्या शिट्ट्या ऐकवल्या होत्या, ऐकू आली की बटण दाबायचं. घरचे माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले होते. आवाज पोचतोय पण शब्द हाताला लागत नाहीत, हे मला स्वतःलाही नीट मांडता येत नव्हतं. तुम्ही ते अर्ध्या मिनिटात मांडलंत.

झालं होतं असं, की एका सकाळी उठले तर डावा कान बंद. आत नुसती शिट्टी वाजत होती. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, स्टेरॉइडची औषधं सुरू झाली, पण नस पूर्ववत झाली नाही. (हे वाचणाऱ्यांसाठी जाता जाता: अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल किंवा सर्दीने असेल म्हणून आठवडा घालवू नका. लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. या दुखण्यात सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात.) उजवा कान माझा ठणठणीत आहे. "एक आहे ना चांगला," असं लोक म्हणायचे, आणि शांत खोलीत दोघांच्या गप्पांपुरतं ते खरंही होतं. पण डोकं दोन्ही कानांची तुलना करून कुठला आवाज कुठून येतोय हे ठरवतं आणि गलक्यातून हवा तो आवाज वेगळा काढतं. ती तुलनाच गेली. नाट्यगृहात तबला, गिटार, गाणाऱ्याचा गळा, मागच्या रांगेतली कुजबूज, सगळं एकाच पोत्यात भरल्यासारखं कानावर आदळायचं.

मी इतकी कोसळले का, हे कळायला माझं वेड कळायला हवं. मला गाणं सगळंच आवडतं, पण जीव अडकलाय तो आपलं गाणं आपणच लिहून, आपणच चाल लावून, आपल्याच गळ्याने म्हणणाऱ्यांत. ते वेड घरातूनच आलं. आम्ही मूळचे सिन्नर तालुक्यातले, आणि वामनदादा कर्डक त्याच तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठे होईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईत कामाला आल्यावर ते लिहा-वाचायला शिकले, १९४३ साली पहिलं गाणं रचलं आणि २००४ मध्ये जाईपर्यंत रचत आणि गात राहिले. वडिलांनी त्यांना भीमजयंतीच्या रात्री समोर बसून ऐकलेलं. वडील सांगायचे, वामनदादा एखादी ओळ म्हणत आणि ती कळली आहे की नाही हे समोरच्यांच्या डोळ्यांत बघून मगच पुढच्या ओळीला हात घालत. कॅसेट ऐकताना ते बघणं कुठे सापडणार? दुसऱ्याचे शब्द गाणारा मोठा गायक मला थक्क करतो. पण स्वतः लिहिलेली ओळ गाणारा माणूस त्या ओळीची जबाबदारी घेऊन समोर उभा असतो, आणि मला तो तसा उभा असलेला बघायचा असतो.

पुढे माझ्या पिढीला संदीप खरे मिळाले. २००३ मध्ये त्यांनी आणि सलील कुलकर्णींनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं, आणि ज्यांनी शाळा सुटल्यावर कवितेचं पुस्तक उघडलं नव्हतं अशी मुलंमुली तिकिटाच्या खिडकीशी उभी राहू लागली. कवी स्वतः मंचावर आहे, दोन गाण्यांच्या मध्ये बोलतोय, कधी नुसती कविता म्हणतोय, आणि भरलेलं सभागृह ओळ पुरी करतंय. गोव्यात शिवोलीच्या रेमो फर्नांडिसांनी तर ऐंशीच्या दशकात घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने वाद्यं वाजवून, गाऊन पहिली कॅसेट केली आणि स्वतःच दुकानोदुकानी पोचवली. अशा माणसांसाठी मी रात्रीच्या एसटीने प्रवास केलेत. आणि या सगळ्या गाण्यांत शब्द हरवला की काय उरतं? आलाप, ताना, तालाची करामत यांवर ही मैफल उभीच नसते. चाल साधी असते, तीन-चार कॉर्डवर सगळं चाललेलं असतं. शब्द कळला नाही तर मी दाराबाहेर उभी आहे.

त्या मध्यंतरात मी बाहेरच निघाले होते, आणि तुम्ही मला आत नेलंत.

आधी विचारलंत, कुठला कान गेलाय. मग मला मधल्या, महागातल्या खुर्चीवरून उठवून मंचाकडे तोंड केल्यावर डावीकडे येणाऱ्या बाजूला, आठव्या रांगेत कडेला बसवलंत. तिथली खुर्ची रिकामी आहे का हे स्वतः डोअरकीपरना विचारून आलात. "आता मंच आणि आपले दोन्ही स्पीकर तुमच्या चांगल्या कानाकडे आले, आणि भिंत बंद कानाकडे गेली," म्हणालात. बाल्कनीच्या खाली बसू नका, तिथे आवाज कोंडतो, आणि फार मागे गेलात तर स्पीकरच्या थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त येतो, त्यात शब्दाच्या कडा पुसल्या जातात, हेही सांगितलंत. इतकी वर्षं मी पुढच्या रांगेसाठी धडपडत आले होते. अगदी पुढे बसलं तर मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना राहतात आणि मंचावरचा तबला, गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्यासमोर ठेवलेले मॉनिटर स्पीकर यांचाच आवाज आधी गाठतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या अंकातलं पहिलं गाणं सुरू झालं आणि कडव्याची पहिली ओळ मला आख्खी कळली. ओठांकडे न बघता कळली. मी काय करत होते मला आठवत नाही, शेजारच्या आजींनी रुमाल पुढे केला एवढं आठवतं.

कार्यक्रम संपल्यावर लोक सह्या घ्यायला मंचाकडे गेले आणि मी तुमच्याकडे आले. तुम्ही दमला होतात, तरी लॅपटॉपवर घेतलेलं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावून एकेका चॅनेलचा, म्हणजे एकेका माइकचा किंवा वाद्याचा, सुटा आवाज मला हेडफोनवर ऐकवलात. आधी फक्त गिटार. मग फक्त गळा. ओळीच्या आधी घेतलेला श्वास, त्याच माइकमध्ये लांबून झिरपणारा तबला, 'श'चा आणि 'ट'चा धारदार कोपरा. म्हणालात, "स्वर आपोआप पोचतात ताई, त्यांच्यात जोर असतो. व्यंजनं पोचवावी लागतात." मग एकेक दाखवत गेलात. डग्ग्याची घुमी शब्दावर चढू नये म्हणून गाण्याच्या माइकचा अगदी खालचा खर्ज कापायचा. गायक ओठ माइकला टेकवतो तेव्हा खर्ज आणखी फुगतो, तो तेवढ्यापुरता आवरायचा. शब्द जिथे स्पष्ट होतात नेमक्या त्याच पट्टीत गिटारही घुसते, म्हणून कडवं चालू असताना तिला जरा मागे घ्यायचं आणि मधल्या वाजवण्याला पुन्हा पुढे आणायचं. दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेलं संध्याकाळी जसंच्या तसं चालत नाही, कारण हजारभर माणसं, त्यांचे कपडे, शाली आवाज पिऊन टाकतात, विशेषतः वरच्या पट्टीतला बारीक आवाज. म्हणून पहिलं गाणं निम्मं होईपर्यंत तुमची सगळी धावपळ. आणि कवी-गायक तर गाता गाता मध्येच कुजबुजल्यासारखं बोलतो, माइकपासून मान मागे घेतो, हसतो. तेव्हा फेडरवरचं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खिट्टीवरचं, बोट उचलायची सोय नाही. अडीच तास तुम्ही प्रत्येक ओळीच्या आधी ती ओळ मनात म्हणत असता, हे तुम्ही अगदी सहज बोलून गेलात. मी ते विसरले नाही. सभागृहात ती गाणी कवीच्या बरोबरीने कुणाला पाठ असतील तर तुम्हाला.

त्या दिवसापासून मी वाचत सुटले. १९६५ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि गदारोळ झाला, हे मला माहीत होतं. जुन्यांना नवं वाद्य खपलं नाही, अशीच ती गोष्ट सांगितली जाते. पण पीट सीगरसारखा बुजुर्ग गायक तेव्हा का चिडला, तर पुढे त्याने स्वतः सांगितलेलं कारण असं, की आवाज इतका फाटत होता की डिलनचे शब्दच कळत नव्हते. माझ्या मनात सीगरबद्दल एकदम माया दाटून आली. ज्याच्या शब्दांना पुढे २०१६ मध्ये नोबेल मिळालं, त्याचे शब्द त्या संध्याकाळी लोकांपर्यंत पोचले नाहीत. दादा, तुमच्या कामाचं वजन मला त्या वाचनाने कळलं.

आणि वडिलांच्या वामनदादांचं कोडंही सुटलं. भोंग्यावर, मैदानात, हजारोंच्या गर्दीत शब्द कसे कळायचे, असं मला नेहमी वाटायचं. भोंगा खर्ज गिळतो, अगदी वरची झळाळीही देत नाही, पण माणसाचं बोलणं ज्या मधल्या पट्टीत असतं ती तो लांबवर फेकतो. वर मोकळं आभाळ, परतून यायला भिंती नाहीत. गोड नसेल वाटत, पण शब्द शेवटच्या माणसापर्यंत जायचा, आणि जे सांगायचं होतं त्याला तेच हवं होतं. वडील आता नाहीत. हे त्यांना सांगायला मला फार आवडलं असतं.

तुम्ही निघता निघता माझ्या फोनमध्ये मोनो ऑडिओची, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून ऐकवणारी, सेटिंग चालू करून दिलीत. रेकॉर्डिंगमध्ये डाव्या बाजूला ठेवलेली वाद्यं मला तोवर ऐकूच येत नव्हती, ती त्या रात्री रिक्षात परत मिळाली. एरवी फोनमध्ये खोलवर दडलेली ती सेटिंग मी आता एक कान गेलेल्या प्रत्येक माणसाला दाखवते.

मी पुन्हा कार्यक्रमांना जाते आहे. तिकीट काढताना डाव्या बाजूची, कडेची खुर्ची मागते. सगळीकडे जमतंच असं नाही. काही ठिकाणी आवाज नुसता मोठा असतो, छाती धडधडते आणि ओळ मात्र कळत नाही, तेव्हा मी शांतपणे उठून येते. तो माझ्या कानाचा दोष नाही, हे मला आता ठाऊक आहे. काही नाट्यगृहांत मिक्सर, म्हणजे तुमचं साउंडचं टेबल, विंगेत कोंबलेला दिसतो. जिथून प्रेक्षकाला काय ऐकू येतंय हेच कळत नाही, तिथे बसवून माणसाकडून काम मागायचं हा अन्याय आहे, आणि आयोजकांना मी हे पत्र लिहून सांगते आहे: चार खुर्च्यांचं तिकीट बुडलं तरी चालेल, पण साउंडचं टेबल प्रेक्षकांतच ठेवा. आणि जाहिरातीत तबला, गिटार यांच्या शेजारी 'ध्वनिसंयोजन' म्हणून त्या माणसाचं नाव छापा.

दादा, डिसेंबरात नाशिकला कालिदास कलामंदिरात एका नव्या मुलीचा कार्यक्रम आहे. स्वतः लिहिते, स्वतः गाते, सोबत फक्त गिटार. मी भाचीला घेऊन जाणार आहे, तिला साउंडचं शिकायचंय. घरी सगळे विचारतात, मुलीला पेट्या उचलायचं काम कशाला? मी तिच्या बाजूने उभी आहे. तुमचा पत्ता लागला तर तिला तुमच्याकडे पाठवीन. एक दिवस तुमच्या शेजारी उभं राहू द्याल का?

तुमचे उपकार मानते.

आपली,
आठव्या रांगेत बसवलेली ताई